उताऱ्याबाहेरचे काही आणू नये?

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षा हा साहित्याच्या अभ्यासकांनी विचार करावा असा विषय नव्हे, अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. एखादा विद्यार्थी 'कॅट'ची तयारी करू लागला की भाषेचा प्राध्यापक मनातल्या मनात त्याला निरोप देऊन टाकतो. तो आता आपला राहिला नाही, बाजाराचा झाला, असे काहीसे. आम्हांस ही समजूत चुकीची वाटते. एवढेच नव्हे, तर गद्य सावकाश आणि नेमके वाचण्याची जी शिस्त साहित्याच्या वर्गाने लावायची, ती आज अनेक मुलांना या परीक्षेच्या तयारीत प्रथमच लागते, असे आमचे मत आहे. त्या शिस्तीत एक गंभीर उणीवही आहे, आणि ती भरून काढणे हे परीक्षा घेणाऱ्यांचे नसून आपले काम आहे.

प्रथम परीक्षेविषयी. नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या कॅटमध्ये एक उतारा होता. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे: आरंभीची उत्तरवसाहतिक कादंबरी ही बहुधा राष्ट्राची कादंबरी होती, तिचे विश्व राष्ट्राच्या सीमेत मावत असे. हिंदी महासागराच्या काठाने लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्या मात्र बाहेर पाहतात. बंदरे, व्यापारी, खलाशी यांच्या ये-जा करण्यातून त्या निराळे जग उभे करतात, आणि त्या जगाचे केंद्र युरोपात नसते. आधाराला लेखक घेतले होते अमिताव घोष, अब्दुलरझाक गुर्ना, लिंडसे कॉलेन आणि जोसेफ कॉनरॅड. त्याच वर्षीच्या परीक्षेत घोष यांच्या 'द नटमेग्ज कर्स' या पुस्तकाची चर्चा करणारा दुसरा एक उतारा होता, आणि रोमँटिक सौंदर्यविचाराची व्याख्या करणे इतके अवघड का, याचा ऊहापोह करणारा तिसरा. त्यात लव्हजॉय, नॉर्थ्रॉप फ्राय आणि आयझाया बर्लिन यांचे दाखले. एम.ए.च्या कोणत्या प्रश्नपत्रिकेत आपण इतके काही एकत्र विचारतो, हे वाचकांनी आठवून पाहावे. (आम्ही आठवून पाहिले आणि विषय बदलला.)

ही परीक्षा नेहमीच अशी नव्हती. वीस वर्षांपूर्वी तयारी करणाऱ्या मुलाच्या हाती शब्दांच्या याद्या असत, आणि नॉर्मन लुइस यांचे १९४९ सालचे शब्दसंपत्ती वाढवणारे पुस्तक हा तर जणू ग्रंथसाहेबच. समानार्थी, विरुद्धार्थी, रिकाम्या जागा असा तो मामला होता. २०१५ पासून तो मागे पडला आणि उताऱ्यांचे वजन वाढले. २०२३ च्या परीक्षेत भाषेच्या विभागात चोवीस प्रश्न होते, त्यांपैकी सोळा चार उताऱ्यांवरचे. उरलेले सारांश निवडण्याचे, विस्कटलेली वाक्ये जुळवण्याचे, परिच्छेदात वाक्याची जागा शोधण्याचे. वेळ चाळीस मिनिटे. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक वजा. गणित आणि तर्क हे उरलेले दोन विभाग. म्हणजे भारतातील सर्वांत चुरशीच्या व्यवस्थापन-परीक्षेचा तिसरा हिस्सा हा वाचनाचा आहे, आणि जे वाचायचे ते व्यवस्थापनाविषयी क्वचितच असते.

महाराष्ट्राच्या सीईटीची गोष्ट वेगळी. तेथे दोनशे प्रश्न आणि दीडशे मिनिटे, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट, असा हिशेब राहिला आहे. ती चपळाईची परीक्षा आहे. तिच्याविषयी आम्हांस येथे अधिक सांगण्यासारखे नाही.

आता गावाकडे वळू. कॅटमधील हिंदी महासागराचा तो उतारा कोठे वाचला जावा, असा प्रश्न कोणी आम्हांस केला, तर आम्ही दिघीचे नाव घेऊ. श्रीवर्धन तालुक्यातील राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावरचे हे गाव. पलीकडे आगरदांडा, जंगलजेटीतून माणसे, दुचाक्या, मोटारी पार होतात. आणि खाडीच्या मुखाशी जंजिरा. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे राज्य या किनाऱ्यावर १९४८ पर्यंत होते. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हा त्या राज्याचा मुलूख, आणि दूर सौराष्ट्रातील जाफराबादही त्याच नबाबाकडे. मराठी कागदपत्रांत या मुलखाला 'हबसाण' म्हटलेले आढळते. म्हणजे ज्या समुद्रातील ये-जा करण्याविषयी उतारा बोलतो, त्या समुद्राची एक राजधानी दिघीच्या धक्क्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते.

गावाच्या नावाने आता मोठे बंदर आहे. ते दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. बंदर दाराशी आले की दारातल्या मुलांना त्यात दोन तऱ्हेची माणसे दिसतात: फाटकाशी नोंदवही धरून बसलेली आणि काचेच्या खोलीत बसलेली. दुसरीकडे जाण्याची एक वाट व्यवस्थापनाच्या पदवीतून जाते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. त्या इच्छेला नाक मुरडण्याचा अधिकार, निदान नियमित पगार घेणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना, पोहोचत नाही. कॅटला बसायला कोणत्याही शाखेची पदवी चालते, किमान पन्नास टक्के गुण असले म्हणजे झाले (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना पंचेचाळीस). शिवाय काही आयआयएम निवडीच्या वेळी अभियंते नसलेल्यांना थोडे जास्तीचे गुण देतात. मराठी घेऊन बी.ए. झालेली मुलगी या परीक्षेला पात्र आहे, ही गोष्ट मराठीच्या किती विभागांत सांगितली जाते?

तयारी कशी चालते, हे ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे. १९७७ मध्ये नागेश राणे यांनी मुंबईत 'आयएमएस' सुरू केली तेव्हापासून या क्लासांची एक स्वतंत्र संस्कृती तयार झाली आहे. आता क्लास मोबाइलवर आला, त्यामुळे दादर किंवा डेक्कनला खोली घेण्याची गरज राहिली नाही; दिघीत रेंज असली की पुरे. शिकवणाऱ्याचे पहिले सूत्र जवळजवळ सर्वत्र एकच असते: उताऱ्याबाहेरचे काही आणू नका. तुम्हांला विषयाची माहिती असेल तर ती दाराबाहेर ठेवा. लेखकाने काय म्हटले तेवढेच पाहा, आणि पर्याय खरा आहे की नाही हे विचारू नका, तो उताऱ्याने सिद्ध होतो का तेवढे विचारा.

हे सूत्र ऐकून समीक्षेच्या अभ्यासकाला काही आठवायला हवे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे झाकून कविता ठेवल्या, आणि त्यांनी लिहिलेल्या अभिप्रायांचे विश्लेषण १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये प्रसिद्ध केले. वाचकाच्या अडचणींत त्यांनी दोन महत्त्वाच्या नोंदवल्या: कवितेशी संबंध नसलेल्या खाजगी आठवणींचा शिरकाव, आणि साच्यातून निघालेला तयार प्रतिसाद. कॅटचा उताराही विद्यार्थ्यापुढे लेखकाचे नाव न घेताच येतो, आणि क्लासचा शिक्षक त्याच दोन अडचणींविरुद्ध लढत असतो. रिचर्ड्सचे नाव त्याला ठाऊक नसेल, आणि आपल्याला ठाऊक आहे. मात्र वर्गात ते काम तो करतो.

आपण ते करत नाही, हे आमचे म्हणणे कडू वाटेल, पण त्याला आधार आहे. मराठीच्या पदवी-वर्गात संहिता वाचली जाण्याऐवजी तिच्याविषयी सांगितले जाते. लेखकाचा परिचय, वाङ्मयीन वैशिष्ट्ये, व्यक्तिचित्रण, मग गाइड. शालान्त पातळीवर कृतिपत्रिकेने अपठित उतारा आणला, ही चांगली गोष्ट झाली. मात्र तेथे आकृतिबंध पूर्ण करायला सांगितले जाते आणि उत्तर उताऱ्यातून जसेच्या तसे उचलता येते. लेखक स्वतःचे मत मांडतो आहे की विरोधकाचे मत खोडण्यासाठी सांगतो आहे, हा भेद कोणी विचारत नाही. त्यामुळे पदवीपर्यंत पोहोचलेला मुलगा 'काहींच्या मते' याने सुरू होणारे वाक्यही लेखकाचेच मत म्हणून वहीत उतरवतो. कॅटच्या पहिल्या सराव-चाचणीत त्याला जो धक्का बसतो तो इंग्रजीचा असतो असे सर्वजण मानतात. आमच्या मते तो निम्माच इंग्रजीचा असतो.

तयार प्रतिसादाचे मराठीतील उत्तम उदाहरण कर्णाचे आहे. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही दोन्ही पुस्तके १९६७ ची. 'युगान्त'मध्ये इरावतीबाई कर्णाला कठोरपणे तपासतात, त्याच्या मोठेपणाइतक्याच त्याच्या उणिवा मांडतात. हा लेख वर्गात द्यावा आणि मग लेखिकेचे कर्णाविषयीचे मत विचारावे. निम्म्या वर्गाचे उत्तर 'मृत्युंजय'मधून येते: अन्यायग्रस्त, दानशूर, सूर्यपुत्र. मुलांनी लेख वाचलेला असतो, तरीही त्यांनी वाचलेला असतो तो त्यांच्या मनातला कर्ण. येथे 'उताऱ्याबाहेरचे आणू नका' हे सूत्र औषधासारखे उपयोगी पडते, आणि आम्ही ते बिनदिक्कत वापरतो.

मग उणीव कोठे आहे? ती दिघीतच सापडते.

हिंदी महासागराच्या त्या उताऱ्यावर एक प्रश्न स्थलांतराविषयी होता. या किनाऱ्यावरच्या मुलांबरोबर आम्ही तो उतारा वाचला तेव्हा दिघीकडच्या एका मुलीचे उत्तर चुकले. कारण विचारता ती म्हणाली, "सर, माझे चुलते बोटीवर होते, मग आखातात गेले. माणसं पोटासाठीच जातात की." उताऱ्यातील स्थलांतर याहून जुने आणि व्यापक होते; त्यात व्यापार होता, धर्म होता, बळजबरी होती. तिने उतारा बाजूला सारून चुलत्यांना पुढे केले होते. परीक्षेच्या दृष्टीने एक गुण वजा, आणि तो योग्यच. रिचर्ड्स असते तर त्यांनीही हा खाजगी आठवणींचा शिरकाव म्हणून नोंदवला असता.

पण आम्ही तो उतारा तेथेच मिटला नाही. उत्तर दुरुस्त झाल्यावर तिलाच विचारले की राष्ट्राची कादंबरी आणि समुद्राची कादंबरी यांतला फरक तुला तुझ्या गावावरून सांगता येईल का. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग जंजिऱ्याविषयी बोलू लागली. शाळेच्या पुस्तकात जंजिरा म्हणजे महाराजांना न मिळालेला किल्ला. गावात मात्र त्याच किल्ल्याच्या राज्यात आजी-पणजीचा जन्म झालेला. शाळेत तो शत्रूचा, घरात तो समोरचा. उताऱ्याचा मुख्य मुद्दा तिला आता पर्याय न वाचता कळलेला होता. वर्गातील इतर मुलांना तो चार वाचनांनंतरही कळत नव्हता, कारण त्यांच्यापाशी जंजिरा नव्हता, किंवा असून त्यांनी तो सूत्राप्रमाणे दाराबाहेर ठेवला होता.

येथून पुढे बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते शुद्ध वाङ्मयीन आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीने जंजिरा पाहिला तो बहुधा किनाऱ्यावरून, तोफेच्या पल्ल्यातून. सिद्दी तिच्यात शत्रू म्हणून येतो. त्याची भाषा, त्याचे घर, त्याचा समुद्रापलीकडचा भूतकाळ यांत तिला फारसे स्वारस्य नसते. श्री. ना. पेंडसे यांच्यासारख्या लेखकाने कोकण आपल्या कादंबरीत पूर्णपणे वसवले, पण ते कोकण गावाचे, खोताचे, नदीकाठचे. आखातात गेलेला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुकान थाटलेला, बोटीवर आयुष्य काढलेला कोकणी माणूस मराठी कादंबरीच्या मध्यभागी किती वेळा आला? लिंडसे कॉलेन ज्या मॉरिशसविषयी लिहितात तेथे एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही आहेत. घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज'मध्ये (२००८) जहाजावरील लष्करांची मिश्र बोली कादंबरीचे अर्धे कौतुक होऊन बसली. त्या बोलीतले कितीतरी शब्द कोकणच्या तांडेलाला परके वाटू नयेत. कॅटचा उतारा मराठी कादंबरीविषयी हा एवढा मोठा प्रश्न उभा करतो, आणि तो विचारायला परीक्षेजवळ वेळ नाही. पुढच्या उताऱ्याकडे जायला दहा मिनिटेही उरलेली नसतात.

तेव्हा बाहेरून आणलेली गोष्ट सरसकट त्याज्य ठरत नाही. 'मृत्युंजय'चा कर्ण इरावतीबाईंच्या वाक्यांच्या जागी येऊन बसतो, त्यांना दिसेनासे करतो. दिघीच्या मुलीचा जंजिरा उताऱ्यातल्या वाक्यांना उजेड देतो. भेद ओळखण्याची कसोटी साधी आहे: जे आणले त्यानंतर वाचक पुन्हा संहितेतील विशिष्ट शब्दावर बोट ठेवू शकतो का? चुलत्यांनी तिला तसे करू दिले नाही, जंजिऱ्याने दिले. ही कसोटी लावायला शिकवणे म्हणजेच साहित्य शिकवणे, असे आम्ही मानतो. आणि ती लावण्यापूर्वी पहिले, कोरडे, उताऱ्यापुरते वाचन झालेले असावे लागते. ते टाळून थेट 'तुझा अनुभव सांग' येथे उडी मारणारे वर्गही आम्ही पाहिले आहेत. तेथे सर्वांना छान वाटते आणि संहिता कोणीच वाचलेली नसते.

भाषेचा प्रश्न टाळता येणार नाही. अभियांत्रिकीची जेईई मेन २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत देता येते, वैद्यकीय प्रवेशाची नीटही मराठीत देता येते. कॅट इंग्रजीतच आहे. तीही मराठीत व्हावी, अशी मागणी कोणी केल्यास आम्ही तिला विरोध करणार नाही, पण तिच्यावर फार भिस्तही ठेवणार नाही. परीक्षेनंतरचे शिक्षण इंग्रजीत असते, हा युक्तिवाद प्रत्येक वेळी पुढे येईल. आम्हांस अधिक टोचणारी बाब निराळी आहे. या मुलांनी आयुष्यात जे काही गंभीर वैचारिक गद्य बारकाईने वाचले, ते सगळे इंग्रजीत वाचले. त्यामुळे विचार करण्याची भाषा इंग्रजी आणि भावना व्यक्त करण्याची मराठी, अशी वाटणी कोणी न ठरवता होऊन जाते. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हांसही झाला. पण नरहर कुरुंदकरांच्या एका परिच्छेदातील युक्तिवाद कोठे वळतो हे दाखवता न येणारा मराठीचा पदवीधर त्या दर्जाचे काय करणार?

म्हणून आमची सूचना माफक आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून एक तास लेखकाचे नाव न सांगता मराठी गद्याचा पाचशे शब्दांचा उतारा द्यावा. कुरुंदकर, दुर्गा भागवत, इरावती कर्वे, म. वा. धोंड, श्री. के. क्षीरसागर यांच्यात दोन वर्षे पुरेल इतके धन आहे. पहिली वीस मिनिटे कॅटच्या धर्तीवर प्रश्न सोडवावेत, उरलेला वेळ दुसऱ्या वाचनाला. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांची तयारी होईल, ज्यांना द्यायची नाही त्यांचेही काही बिघडणार नाही. वाक्ये जुळवण्याचा प्रश्न मराठीत करताना मात्र एक सावधगिरी हवी. आपल्या सर्वनामांना आणि क्रियापदांना लिंग-वचन असल्याने 'तिने' किंवा 'ती मांडली' एवढ्यावरून क्रम उघड होतो. इंग्रजीत जे अर्थावरून शोधावे लागते ते येथे व्याकरण फुकट सांगते. तेव्हा उतारे असे निवडावेत, की ज्यांत नामे एकाच लिंगाची आहेत.

खरी अडचण पर्यायांची येते. बरोबर उत्तर लिहिणे सोपे, तीन चुकीची उत्तरे लिहिणे कठीण. चुकीचे उत्तर मोहक हवे, पण उताऱ्याने स्पष्ट नाकारलेले हवे. 'व्यासपर्व'मधील द्रौपदीवरील लेखाचा एक परिच्छेद घेऊन आम्ही काही सहकारी एका दुपारी बसलो. पहिला चुकीचा पर्याय पाच मिनिटांत झाला, दुसरा अर्ध्या तासात. तिसऱ्यासाठी जे जे वाक्य लिहिले ते कोणीतरी उचलून धरले: हे तर दुर्गाबाईंनी म्हटलेच आहे, हे पाहा येथे. चहा दोनदा झाला, परिच्छेद सात-आठ वेळा मोठ्याने वाचला गेला, आणि शिपाई खोली बंद करायला आला तेव्हाही तिसरा पर्याय व्हायचाच होता.